बधिरांध बाळाशी खेळायचं कसं?

दीड-दोन वर्षांचं एखादं पोर घरात वावरताना बघा. कुकरची शिट्टी झाली की ते स्वयंपाकघराकडं वळतं. बाबांनी खुंटीवरची किल्ली काढली की दाराशी जाऊन उभं राहतं. आज्जीनं देवघरात घंटा वाजवली की साखरेसाठी हात पुढं येतो. यातलं काहीही त्याला कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. दिवसभर दिसत राहतं, कानावर पडत राहतं आणि शिकणं आपोआप होत जातं.

ज्या बाळाची नजर आणि ऐकणं दोन्ही कमी आहे, त्याचं हे आपोआप शिकणंच अडतं. नुसतं ऐकू न येणारं मूल डोळ्यांनी भरपाई करतं, चेहरे वाचतं, खुणा उचलतं. नुसतं न दिसणारं मूल आवाजावरून अख्खं घर ओळखतं. बधिरांध मुलाच्या या दोन्ही वाटा अरुंद असतात. त्याचं जग हाताच्या टप्प्यापाशी संपतं. वाटी हाताला लागली तर आहे, काढून घेतली तर नाही. ती कुठून आली आणि कुठं गेली, याचा त्याला पत्ता नसतो. माणसांचंही तसंच. अचानक कुणीतरी उचलतं, अचानक अंगावर पाणी पडतं, अचानक तोंडात चमचा येतो. असं बाळ अंग आखडून घेत असेल, तासन्‌तास रडत असेल किंवा अगदीच गप्प पडून राहत असेल, तर त्यामागं हे कारण असू शकतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन अशा लहान मुलांबरोबर बसणं, त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम आहे. करवीर तालुक्यातल्या एका घरात आज्जींनी मला सरळ विचारलं होतं, “बाई, दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई, मग खेळायचं काय ओ हिच्यासंगं?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागतं.

किती दिसतं, किती ऐकू येतं

बधिरांध म्हटलं की पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता असं चित्र डोळ्यांपुढं येतं. प्रत्यक्षात बहुतेक मुलांना थोडंफार दिसतं किंवा थोडंफार ऐकू येतं, काहींना दोन्ही. कुणाला फक्त उजेड-सावली कळते, कुणाला चेहऱ्याजवळ आणलेली लाल वाटी दिसते, कुणाला ढोलाचा जाड आवाज कळतो पण आईची हाक कळत नाही. हे उरलेलं ‘थोडंफार’ फार मोलाचं असतं. म्हणून खेळाआधी तपासण्या. बाळ लहान आहे, सांगू शकत नाही, म्हणून तपासणी होत नाही, हा समज चुकीचा आहे. ओएई ही कानाची तपासणी नवजात बाळाचीही होते. बेरा तपासणीत बाळ झोपलेलं असताना डोक्याला चिकटवलेल्या तारांवरून कानाची नस आवाजाला प्रतिसाद देते का ते बघतात. डोळ्यांचा पडदा थेंब घालून तपासता येतो. चष्मा काही महिन्यांच्या बाळालाही लागतो आणि श्रवणयंत्रही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाळाला जाड काचेचा चष्मा दिला असेल, तर तो त्यानं काढून फेकला तरी पुन्हा पुन्हा घालत राहायचा, थोडा थोडा वेळ, त्याच्या आवडीच्या खेळाच्या वेळी.

कारणांबद्दल थोडक्यात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना आणि हृदयाला इजा होऊ शकते. आईला मात्र त्या वेळी बारीक ताप आणि अंगावर थोडं पुरळ, एवढंच जाणवलेलं असतं. रुबेला आणि बाळांचा मोतीबिंदू यांचा संबंध ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिला. आपल्याकडं नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली, ती याचसाठी. आता ही लस ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत नियमित देतात. दुसरं कारण म्हणजे फार लवकर जन्मलेली, कमी वजनाची बाळं. त्यांच्या डोळ्यांचा पडदा पुरता तयार झालेला नसतो, म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर महिनाभराच्या आत तपासायलाच हवा. मेंदूज्वर, फार वाढलेली कावीळ, काही जनुकीय आजार ही आणखी कारणं.

एका कारणाबद्दल आपल्या भागात मोकळेपणानं बोललं जात नाही. जन्मतः ऐकू कमी येणारं मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर तिन्हीसांजेला अडखळायला लागलं, अंधारात भिंत धरून चालायला लागलं, तर त्याला अशर सिंड्रोम असू शकतो. यात ऐकणं जन्मापासून कमी असतं आणि नजर पुढं हळूहळू जाते. आई आणि वडील दोघांकडून तोच दोष आला तरच हा आजार दिसतो, त्यामुळं आते-मामे भावंडांच्या लग्नात त्याची शक्यता वाढते. नात्यात लग्न झालेल्या कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. घरात कर्णबधिर मूल असेल तर त्याचे डोळेही दरवर्षी तपासून घ्या, एवढंच सांगायचं आहे.

परात आणि शाळू

आता त्या आज्जींच्या घरी. नात तीन वर्षांची. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, कानाला यंत्र आहे पण नुकतंच बसलेलं. दिवसाचा बराच वेळ ती उताणी पडून बोटं डोळ्यांपुढं हलवत असायची.

आम्ही सोप्यात वाकळ अंथरली. त्यावर आई बसली आणि मुलगी आईच्या मांडीत, पाठ आईच्या पोटाला टेकवून. समोर घरातलीच पितळी परात, तिच्यात दोन ओंजळी शाळू. आईनं मुलीचा हात धरून परातीत घातला नाही. आईनं स्वतःचा हात खाली ठेवला, पालथा, आणि मुलीचा तळवा आपल्या हाताच्या पाठीवर टेकू दिला. मग आईचा हात सावकाश दाण्यांत शिरला. मुलीला आईच्या हाताची हालचाल कळत होती, पण दाणे तिला लागत नव्हते. तिनं हात काढून घेतला. आई थांबली, हात तिथंच ठेवून. बराच वेळ काहीच झालं नाही. आज्जी उंबऱ्यावरून बघत होत्या, त्यांना राहवेना. “घाल की गं तिचा हात आत,” असं दोनदा म्हणाल्या.

मग मुलीचा हात परत आला. आईचं मनगट चाचपत अंगठ्यापर्यंत, अंगठ्यावरून एक बोट घसरून दाण्यांत. बोट लगेच वर. पुन्हा खाली. आईनंही आपलं एक बोट तसंच वर-खाली केलं, तिच्या बोटाला लागूनच. मुलगी थबकली. तिनं पुन्हा केलं, आईनं पुन्हा केलं. मग आईनं मूठभर शाळू वरून परातीत सोडला. पितळ थरथरलं. मुलगी पुढं वाकली आणि तिनं गाल परातीच्या कडेला टेकवला. आई थांबली. थोड्या वेळानं मुलीनं आईचा हात शोधला, मनगट धरलं आणि परातीकडं ढकललं.

‘अजून टाक.’ त्या ढकलण्याचा दुसरा अर्थ होत नाही. आज्जी उंबऱ्यावरून उठून आत आल्या आणि म्हणाल्या, “मागतीया की ओ!”

हल्ली ज्याला सेन्सरी प्ले म्हणतात, तो एवढाच आहे. स्पर्श, कंप, वास, चव, हालचाल, उरलेली नजर आणि उरलेलं ऐकणं यांतून खेळ. पण नुसत्या वस्तू बाळाच्या अंगाला लावत सुटणं म्हणजे खेळ नव्हे. मुलीनं बोट वर-खाली केल्यावर आईनं तसंच केलं, हा त्यातला खरा गाभा. आपण केलेल्या गोष्टीला समोरून उत्तर येतं, हे मुलीला तिथं कळलं. ज्याला हे कळतं, ते मूल पुढं मागायला लागतं, नाकारायला लागतं, वाट बघायला लागतं. भाषेची सुरुवात इथून होते.

नेदरलँड्समधल्या सिंट-मिखिल्सखेस्टल इथल्या शाळेत यान व्हॅन डाइक यांनी १९६० च्या दशकापासून रुबेलामुळं बधिरांध झालेल्या मुलांबरोबर याच दिशेनं काम केलं. मूल डुलत असेल तर त्याच्या जोडीनं डुला, थांबा, आणि ते पुन्हा सुरू करतं का बघा. जगभरच्या शिक्षकांनी ही पद्धत उचलली. सोप्यात बसून करायला त्याला काहीच लागत नाही.

हात वर नको, खाली

हे एक पथ्य मी सगळ्यांत आधी सांगते. बाळाच्या हातावर आपला हात ठेवून ‘हे बघ, हे धर’ करायचं नाही. या मुलांचे हात म्हणजे त्यांचे डोळे, कान आणि पुढं जाऊन त्यांची जीभसुद्धा. आपलं मनगट धरून कुणी न सांगता आपला हात कशात तरी खुपसला, तर आपण जसे दचकू, तसंच त्यांचं होतं, आणि त्यांच्या बाबतीत ते दिवसातून कितीदा तरी होत असतं. असे हात हळूहळू मुठी वळून घेतात. मग लोक म्हणतात, याला कशालाच हात लावायला आवडत नाही. खरं तर त्याला कधी स्वतःहून हात लावायला मिळालेलाच नसतो.

आपला हात खाली ठेवला की त्याला निघून जायची मोकळीक राहते, आणि जायची मोकळीक असली की परत यायची हिंमत होते. हात आवडत नसतील तर पायापासून सुरू करा. तळपायाखाली ओली वाळू, मऊ कणीक, घोंगड्याचा खरखरीत तुकडा. पुष्कळ मुलं आधी पायानं ओळख करून घेतात, मग हात पुढं करतात.

दुसरं पथ्य थांबण्याचं, आणि ते फार अवघड आहे. आपण काही केलं की मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. या मुलांना मिळालेली खूण तुटक असते, ती जुळवून अर्थ लावायला वेळ लागतो. मोठ्या माणसांना ती शांतता सोसत नाही आणि ती दुसरी वस्तू पुढं करतात. मूल पहिल्या वस्तूपर्यंत पोचलेलं असतं नसतं, तोवर तिसरी हजर. मी अनेक हुशार, प्रेमळ आईवडिलांना इथं अडलेलं बघितलं आहे. तुमच्या मुलाला उत्तेजन कमी पडतंय असं कुणी सांगितलं असेल, तर माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा कमी पडतो तो अवकाश.

आणि जवळ जाताना आधी ओळख द्या. एकदम उचलू नका. दंडाला हात लावा, क्षणभर ठेवा, मग आपली खूण द्या. आज्जीची खूण तिच्या बांगड्या, बाबांची खूण दाढी, मोठ्या बहिणीची खूण वेणी. प्रत्येकानं रोज तीच खूण द्यायची. काही आठवड्यांत मूल बांगड्या चाचपून आज्जीकडं झुकायला लागतं.

घरात आहे तेच पुरतं

बाजारात सेन्सरी किट म्हणून महागडी खेळणी मिळतात. एखाद्या मुलाला त्यातलं एखादं खेळणं खरोखर आवडतं, पण कर्ज काढून ती घेऊ नका. लुकलुकणारे दिवे आणि मोबाईल यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. उजेड कळणारं मूल मोबाईलच्या पडद्याला खिळून बसतं, घरच्यांना वाटतं रमलंय. पण तो पडदा त्याच्या बोटाला उत्तर देत नाही, त्याची वाट बघत नाही. टॉर्च वापरा, पण आपल्या हातात धरून: लावा, विझवा, थांबा, त्यानं हात हलवला की पुन्हा लावा.

कंप हा या मुलांचा आवडता विषय. आपल्या भागात हलगी आहे, तालमीत ढोल-लेझीम आहे. हलगीचं कातडं हलकेच बोटांनी वाजवून मुलाचा तळवा कडेवर ठेवू द्या. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मांडीवर पालथा घालून त्यावर दोघांनी मिळून थापा मारता येतात. एक दोन तीन, थांब. एक दोन तीन, थांब. थांबल्यावर त्यानं एक थाप मारली की तुमची पाळी.

डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी अशा मुलांसाठी एक साधी फळी सुचवली. साधारण चार मिलिमीटर जाडीचा, चार फूट बाय चार फूट प्लायवूड, खाली चारही कडांना इंचभर उंचीच्या पट्ट्या. मधला भाग पोकळ राहतो, त्यामुळं त्यावर झोपलेल्या मुलानं टाच आपटली तरी सगळी फळी वाजते आणि त्याच्या पाठीला ते कळतं. आपण हललो की काहीतरी घडतं, हे कुणाच्याही मदतीशिवाय त्याच्या ध्यानात येतं. गल्लीतला कुठलाही सुतार हे थोड्या वेळात करून देतो. कडा पॉलिश पेपरनं घासून घ्यायच्या, कुसळ राहू द्यायचं नाही. त्यांनीच सुचवलेली दुसरी गोष्ट म्हणजे ‘लहान खोली’. मुलाच्या अंगावर येईल अशी छोटी चौकट, वरून आणि बाजूंनी टांगलेल्या वस्तू: स्टीलचा चमचा, किल्ल्यांचा जुडगा, घुंगरांची पट्टी, काथ्याचा ब्रश. महत्त्वाचं हे की प्रत्येक वस्तू रोज त्याच जागी असते. हात लांब केला की चमचा तिथंच सापडतो. ज्या मुलाच्या जगात वस्तू येतात आणि नाहीशा होतात, त्याला ‘तिथंच आहे’ हा अनुभव फार मोठा असतो. दोऱ्या आखूड ठेवा, गळ्याला वेढा बसेल एवढ्या लांब कधीच नकोत, आणि मुलाला तिथं एकटं सोडून जाऊ नका.

घरात झोपाळा असेल तर निम्मं काम झालं. मांडीवर घेऊन चार झोके द्या आणि थांबा. मूल अंग पुढं ढकलेल, पाय झाडेल, तुमची साडी ओढेल. काहीही केलं तरी ते ‘अजून’ समजा आणि लगेच झोका द्या. उशीर केलात तर त्याला आपल्या ढकलण्याचा आणि झोक्याचा संबंध लागणार नाही.

वासाचं म्हणाल तर कोल्हापूरच्या स्वयंपाकघराला तोड नाही, पण जपून. चटणी कुटायच्या दिवसांत घरभर जो खकाणा उठतो, तो या मुलांना आपल्यापेक्षा जास्त झोंबतो, कारण तो येतोय हे त्यांना आधी कळत नाही. मिरची आणि चटणीचे हात मुलाच्या हातांना, डोळ्यांना लागू देऊ नका. कोथिंबीर चुरगळून, लिंबाची साल, भाजलेली शेंग, गुळाची ढेप फोडल्यावरचा ताजा वास हे चालेल, एका वेळी एकच. ऊस गाळपाच्या दिवसांत गावाकडं गुऱ्हाळ सुरू असेल तर तिथला थंड झालेला गूळ हाताला चिकटवून बघण्यासारखी मजा नाही; काहिलीपासून मात्र लांब.

जे मूल सगळं तोंडात घालतं, त्याच्यापुढं कोरडा शाळू, शेंगदाणे, हरभरे नकोत. दाणा श्वासनलिकेत, नाकात, कानात जाऊ शकतो. त्याला भिजवलेला साबुदाणाही नको. मऊ भात, भाकरीचं पीठ, दही द्या. गिळायला अडचण असेल तर चवीचे खेळ डॉक्टरांना विचारूनच.

आणि पुरे झालं की थांबा. जांभया, उचक्या, मान फिरवणं, एकाएकी झोपाळल्यासारखं होणं, बोटानं डोळा दाबणं, ही सगळी ‘बास’ म्हणायची रीत असू शकते. ते ‘बास’ तुम्ही मानलंत तर ‘अजून’ही विश्वासानं येतं. गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत डॉल्बीपुढं अशा मुलाला नेऊ नका. श्रवणयंत्र घातलेल्या कानाला तो आवाज आणखी त्रास देतो, आणि तिथली गर्दी त्याला चारी बाजूंनी न सांगता ढकलत असते.

चप्पल म्हणजे बाहेर

खेळ दिवसात मिसळायला लागला की पुढची पायरी. आंघोळीच्या आधी मुलाच्या हाताला रोज तोच तांब्या द्यायचा, जेवणाआधी तीच वाटी, बाहेर जायचं तर त्याची चप्पल. वस्तू हातात दिली, त्यानं चाचपली, मग लगेच ती गोष्ट करायची. काम झालं की वस्तू एका बुट्टीत टाकायची, त्याच्याबरोबर. ‘झालं’ हे त्याला बुट्टीत पडलेल्या तांब्याच्या ठोक्यानं कळतं. हे जमलं की तीन खणांचा खोका करा: पहिल्या खणात वाटी, दुसऱ्यात हलगीची काठी, तिसऱ्यात चप्पल. जेवण, मग खेळ, मग रंकाळ्यावर फेरी. उद्या, नंतर, थोडं थांब, हे शब्द ज्याच्यापर्यंत पोचत नाहीत, त्याला पुढं काय येणार हे हातानं वाचता येतं. रोज अंगावर कोसळणारा दिवस त्याला आता ओळखीचा होतो. रात्री न झोपणाऱ्या मुलांच्या बाबतीतही पहिला उपाय म्हणून मी हाच सांगते: ठरलेला क्रम, ठरलेल्या वस्तू, आणि दिवसा भरपूर ऊन.

आईनं किती करायचं?

बधिरांध मुलाच्या आईला सगळे जण काम सांगतात. डॉक्टर सांगतात, फिजिओथेरपिस्ट सांगतात, मीही सांगते. वर शेजारपाजारचे विचारतात, ग्रहणात बाहेर पडली होतीस का, काही चिरलं होतंस का. ग्रहणानं डोळे-कान जात नाहीत. ही गोष्ट मी प्रत्येक घरात, सासू आणि नवरा समोर बसलेले असताना, मोठ्यानं सांगते, कारण ती बाई हे ओझं एकटी वाहत असते. कुणी देवाला नवस बोलत असेल, जोतिबाला जात असेल तर जरूर जावं. फक्त त्यापायी यंत्र घालायचं किंवा ऑपरेशनची तारीख घ्यायचं लांबणीवर टाकू नये.

घराचा दवाखाना करायचा नाही. दिवसातून एखादा खेळ, दहा-पंधरा मिनिटं, मनापासून, एवढं पुष्कळ झालं. बाकीचा खेळ रोजच्या कामात येतो: भाकरी थापताना कणकेचा गोळा, कपडे वाळत घालताना ओल्या चादरीखालून जाणं, अंगणात सडा. वडिलांनी आंघोळ घालायची जबाबदारी घ्यावी, असा माझा आग्रह असतो. पाणी, तांब्या, साबण, टॉवेल, क्रम ठरलेला. यापेक्षा चांगला खेळाचा तास नाही.

भावंडांना विसरू नका. त्यांना खेळ सुचतात, मोठ्यांना सुचत नाहीत असे. लिली नील्सन यांची स्वतःची काही भावंडं जन्मतः अंध होती आणि सात वर्षांच्या असताना धाकट्या अंध भावाकडं बघायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. पुढं आयुष्यभर त्यांनी जे केलं, त्याचं मूळ तिथं आहे. पण भावंडाला सांभाळायलाच लावू नका. त्याच्यासाठी वेगळा वेळ, वेगळी फेरी हवीच.

मदत कुठं मागायची

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करतं आणि पुढं जिल्हा पातळीवर पाठवतं. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. कोल्हापूर शहरात असाल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा अशा तिन्ही विभागांत एकाच वेळी दाखवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दुसरी अडचणही सांगा. कानाच्या डॉक्टरांना डोळ्यांचं माहीत नसेल तर सल्ला अर्धवट राहतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे, त्यात बधिरांधत्व बहुविध दिव्यांगत्वाखाली येतं. प्रमाणपत्र करताना नुसतं ‘अंध’ किंवा नुसतं ‘कर्णबधिर’ असं लिहून घेऊ नका, दोन्हींची नोंद करून घ्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना बहुविध दिव्यांगत्वालाही लागू आहे आणि तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, थेरपीचासुद्धा. याच विषयात मुरलेल्या संस्थांशी बोलायचं तर मुंबईची हेलन केलर संस्था १९७७ पासून, आणि अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया १९९७ पासून बधिरांध मुलांसाठी काम करते आहे. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला बहुविध दिव्यांगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे. आणि दुसऱ्या बधिरांध मुलाच्या आईचा नंबर मिळाला तर तो आधी घ्या. तिला रात्री अकरा वाजता फोन करता येतो.

खेळ जमल्यावर

एकच खेळ रोज त्याच जागी, त्याच क्रमानं खेळत राहिलात की एक दिवस मूल पुढचं ओळखायला लागेल. परात खाली ठेवायच्या आधीच त्याचे हात पसरतील. तो दिवस आला की खेळात मुद्दाम एक गोष्ट चुकवा. रिकामीच परात पुढं ठेवा. झोपाळ्यावर बसवा आणि झोका देऊ नका. वाटी द्या आणि तिच्यात काहीच घालू नका.

मग थांबा, वीसपर्यंत. मूल परात चाचपेल, तळाशी बोटं फिरवेल, कदाचित चिडेल. ते परात ढकलेल, डबा जिथं असतो तिकडं हात नेईल, तुमचं मनगट शोधेल. त्या मुलीनं तर परात उलटी केली आणि वरून जोरात थाप मारली. ओरडू नका, समजावू नका, आणखी काही करून घ्यायला बघू नका. शाळू लगेच ओता.